सिगविनमध्ये डी ड्राइव्हचं फोल्डर कायमचं माउंट कसं करायचं? पीसी रीस्टार्ट केला की गायब होतंय

माणदेशी_वाचक
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून लिहिते.

मी एका सार्वजनिक वाचनालयात काम करते, आमच्याकडे एका जुन्या साप्ताहिकाचे अंक आहेत आणि त्यात वाचकांची पत्रं यायची, बहुतेक शेतकऱ्यांची, पाऊस, चारा, विहिरी, सावकार असल्या विषयांवरची. ती सगळी आम्ही टाईप करून घेतली, एका पत्राची एक टेक्स्ट फाईल, अशा साधारण ११ हजार फायली झाल्यात. त्यातून गावाचं नाव शोधणं, वर्षाप्रमाणे लावणं, दोनदा टाईप झालेली पत्रं काढून टाकणं हे हाताने होईना, म्हणून कुणीतरी ग्रेप, फाइंड, सेड (फायली आणि मजकूर शोधायच्या, बदलायच्या लिनक्सच्या कमांड) वापरायला सांगितलं आणि त्या विंडोजवर चालाव्यात म्हणून मी सिगविन टाकून घेतलं. दोन महिन्यांत बऱ्यापैकी शिकले.

आता अडचण. फायली डी ड्राइव्हवर 'ग्रंथालय काम' नावाच्या फोल्डरमध्ये आहेत आणि त्याच्या आत 'शेतकऱ्यांची पत्रे'. म्हणजे सिगविनमध्ये दर वेळी /सिगड्राइव्ह/डी/ग्रंथालय काम/शेतकऱ्यांची पत्रे एवढं लिहायचं, त्यात मधे स्पेस असल्यामुळे अवतरण चिन्हं विसरली की सगळं चुकतं. एका जुन्या लेखात वाचलं की फोल्डरला सिगविनमध्ये दुसरं छोटं नाव देणारी माउंट कमांड एकदा दिली की झालं, मग /पत्रे एवढंच लिहायचं. तसं केलं, लगेच चाललं, इतका आनंद झाला की काय सांगू. दुसऱ्या दिवशी पीसी चालू केला तर /पत्रे नाहीच. परत कमांड दिली, परत चाललं, परत दुसऱ्या दिवशी गायब. असं चार दिवस झालं.

दुसरं म्हणजे मी एक छोटी स्क्रिप्ट केलीय, ती टर्मिनलमधून नीट चालते पण डेस्कटॉपवरच्या बॅच फाईलवर डबल क्लिक करून चालवली की 'फाइंड: पॅरामीटर फॉरमॅट नॉट करेक्ट' असं काहीतरी येतं. तीच स्क्रिप्ट, तोच पीसी. हे का ते मला कळेना.

विंडोज १० आहे, ४ जीबी रॅम, पीसीवर माझं आणि सहकाऱ्याचं अशी दोन खाती आहेत. कुणी सविस्तर सांगितलं तर फार उपकार होतील, कारण हे काम मला पुढच्या वाचक मेळाव्याच्या आत संपवायचंय.


निळा_पडदा
ताई, सिगविन सोडा आणि डब्ल्यूएसएल टाका, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय. त्यात ड्राइव्ह आपोआप /एमएनटी/सी, /एमएनटी/डी असे येतात, रीस्टार्ट केलं तरी जात नाहीत, आणि खरं लिनक्सच मिळतं. माझं सगळं काम मी तिकडे नेलंय आणि मागे वळून बघितलेलं नाही.


माणदेशी_वाचक
दादा ते करून बघितलं होतं पण बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद आहे आणि बायोसला पासवर्ड आहे, तो ज्यांनी पीसी दिला त्यांच्याकडे, आणि ते फोन उचलत नाहीत. शिवाय सहकाऱ्याला त्याच फायली विंडोजमधून वर्डमध्ये उघडून तपासायच्या असतात.


निळा_पडदा
बरं मग राहू द्या. पहिल्या आवृत्तीच्या डब्ल्यूएसएलला व्हर्च्युअलायझेशन लागत नाही, तो एक मार्ग आहे, पण ४ जीबीत आणि सगळ्या फायली विंडोजच्या ड्राइव्हवरच असताना मी आग्रह करणार नाही. दुसऱ्या आवृत्तीत तर /एमएनटी/डी वरच्या हजारो छोट्या फायलींवर ग्रेप चालवलं की फार हळू चालतं, कारण प्रत्येक फाईल नेटवर्कसारख्या मार्गाने आत येते. तुमच्या कामाला सिगविन बरोबर आहे.


जुनाच_युनिक्स
ताई, तुमची काही चूक नाही, तो लेख जुना आहे. मी सिगविन खूप आधीपासून वापरतोय म्हणून मला हे आठवतंय. पूर्वी माउंट कमांड दिली की ती नोंद विंडोजच्या रजिस्ट्रीत जाऊन बसायची आणि कायम राहायची. २००९ च्या डिसेंबरमध्ये सिगविन १.७ आलं तेव्हा त्यांनी ही पद्धत मुळातून बदलली, रजिस्ट्री काढून टाकली आणि लिनक्ससारखी /ईटीसी/एफएसटॅब ही साधी टेक्स्ट फाईल आणली. तेव्हापासून हाताने दिलेलं माउंट सिगविनचा शेवटचा प्रोग्रॅम बंद होईपर्यंतच टिकतं. पण जुने लेख इंटरनेटवर तसेच पडून आहेत आणि लोक ते वाचून फसतात, तुम्ही पहिल्या नाही.

तर काय करायचं. (कमांड आणि नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, तुम्ही टाईप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच वापरा. फक्त तुमच्या फोल्डरची नावं आहेत तशी मराठीत.) सिगविनचं टर्मिनल राइट क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि नॅनोमध्ये /ईटीसी/एफएसटॅब उघडा. नोटपॅड नको, सिगविनच्या आतलाच एडिटर घ्या. वर हॅशने सुरू होणाऱ्या दोन-चार ओळी असतील त्या शेरे आहेत, त्याखाली ही एक ओळ असेल:

नन /सिगड्राइव्ह सिगड्राइव्ह बायनरी,पॉसिक्स=०,यूझर ० ०

तिला आत्ता हात लावू नका. तिच्याखाली नवीन ओळ लिहायची:

डी:/ग्रंथालय\०४०काम/शेतकऱ्यांची\०४०पत्रे /पत्रे एनटीएफएस बायनरी,नोएसीएल ० ०

आता यातला एकेक तुकडा सांगतो कारण इथेच सगळे चुकतात. या ओळीत सहा रकाने असतात आणि दोन रकान्यांच्या मधे स्पेस किंवा टॅब. म्हणजे तुमच्या फोल्डरच्या नावात जी स्पेस आहे ती तशीच ठेवली तर सिगविनला वाटतं रकाना संपला, आणि 'काम/शेतकऱ्यांची' हा भाग दुसऱ्या रकान्यात जाऊन बसतो. म्हणून नावातल्या प्रत्येक स्पेसच्या जागी बॅकस्लॅश शून्य चार शून्य लिहायचं. तो स्पेसचा ऑक्टल आकडा आहे. अवतरण चिन्हं इथे चालत नाहीत, बॅशमध्ये चालतात म्हणून इथेही चालतील असं वाटतं पण नाही. फोल्डरच्या मधे विंडोजचा उलटा स्लॅश न वापरता सरळ स्लॅशच वापरा, तो चालतो आणि गोंधळ होत नाही.

दुसरा रकाना म्हणजे सिगविनमध्ये ते फोल्डर कुठे दिसायला हवं. आधी त्या नावाचं रिकामं फोल्डर करून ठेवलंत तर बरं. तिसऱ्यात मी एनटीएफएस लिहिलंय पण खरं म्हणजे तिथे काहीही लिहिलं तरी चालतं, फाईल सिस्टीम कुठली ते सिगविन विंडोजला विचारूनच ठरवतं. चौथा महत्त्वाचा. बायनरी म्हणजे ओळींच्या शेवटांशी खेळू नकोस, आहे तसं वाच. नोएसीएल म्हणजे परवानग्यांच्या भानगडीत पडू नकोस, त्याबद्दल खाली लिहितो. शेवटचे दोन शून्य नुसते लिनक्सची रीत म्हणून.

फाईल सेव्ह करून सिगविनच्या सगळ्या खिडक्या बंद करा, सगळ्या म्हणजे सगळ्या. एफएसटॅब वाचला जातो तो सिगविनचा पहिला प्रोग्रॅम सुरू होताना, मधे नाही. टास्क मॅनेजरमध्ये मिंटी (टर्मिनलची खिडकी) किंवा बॅश (तुमच्या कमांड चालवणारा शेल) उरलं असेल तर तेही बंद करा. मग नव्याने उघडा आणि नुसती माउंट एवढीच कमांड द्या, ती सगळी यादी दाखवते, त्यात तुमची ओळ दिसली पाहिजे. बंद न करता लगेच हवं असेल तर माउंट डॅश ए दिलं की तो एफएसटॅब परत वाचतो.

आता नोएसीएल. हे नसेल तर सिगविन नव्या फायलींना युनिक्सच्या पद्धतीने परवानग्या लावतं आणि त्या विंडोजच्या यादीत अशा क्रमाने बसतात की तुमचा सहकारी फाईलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी बघायला गेला की 'परवानग्यांचा क्रम चुकीचा आहे' असा इशारा येतो. एकदा का कुणी घाबरून तिथे ओके दाबलं की पुढे कुणाला फाईल उघडता येते कुणाला नाही असं सुरू होतं. जे फोल्डर सिगविन आणि विंडोज दोघांकडून वापरलं जातं तिथे नोएसीएल लावायचंच, यावर मी ठाम आहे. त्याचा तोटा एवढाच की तिथे परवानग्या बदलणाऱ्या सीएचमॉड कमांडला अर्थ उरत नाही, तुम्हाला पत्रांवर तो लागणारही नाही.

आणि एक, फायली सी ड्राइव्हवरच्या सिगविनच्या होममध्ये कॉपी करायचा मोह होईल, करू नका. माउंट म्हणजे नुसतं दुसरं नाव आहे, फाईल जागची हलत नाही. अस्सल एकाच जागी राहू द्या. दोन प्रती झाल्या की सहकारी एक दुरुस्त करेल आणि तुम्ही दुसरी, आणि सहा महिन्यांनी कुठली खरी ते कुणालाच सांगता येणार नाही.


माणदेशी_वाचक
दादा इतकं सविस्तर कुणीच सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. आणि खरं सांगते, होममध्ये कॉपी करायला मी कालच सुरुवात केली होती, तुमचं वाचून थांबवली आणि काढून टाकली.

पण अजून होत नाहीये. ओळ लिहिली, सगळं बंद करून उघडलं, माउंटच्या यादीत ओळ दिसतेय अगदी तुम्ही सांगितली तशी, पण एलएस /पत्रे दिलं की 'नो सच फाईल ऑर डिरेक्टरी'. नाव दहा वेळा तपासलं, अक्षर न अक्षर तेच आहे. 'ग्रंथालय काम' पर्यंतच माउंट केलं तर चालतं, त्याच्या आत गेलं की 'शेतकऱ्यांची पत्रे' दिसतंही. मग पूर्ण नाव दिलं की का नाही?


कृष्णाकाठ_टंकन
ताई, मी टायपिंग आणि फॉन्ट रूपांतराची कामं करते आणि तुमचं 'शेतकऱ्यांची' वाचल्या वाचल्या मला वाटलं की इथेच गोची आहे. 'ऱ्या' बघा.

आपला हा अर्धा ऱ युनिकोडमध्ये एकापेक्षा जास्त प्रकारे लिहिता येतो आणि स्क्रीनवर सगळे सारखेच दिसतात. एक म्हणजे स्वतंत्र ऱ, खाली टिंब असलेला, त्याला हलन्त. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडणारं अक्षर. आणि तिसरा, कमी दिसतो पण असतो, साधा र, नुक्ता, मग हलन्त. 'शेतकऱ्यांची' आणि 'शेतकर्‍यांची', डोळ्याला फरक कळतो का सांगा. पण कॉम्प्युटरला ती दोन वेगळी नावं आहेत आणि विंडोज फाईलची नावं आहे तशी ठेवतं, त्यातली अक्षरं एकसारखी करून घेत नाही. तुमच्या ड्राइव्हवर ही दोन्ही फोल्डरं शेजारी शेजारी राहू शकतात.

फोल्डर ज्यांनी बनवलं त्यांचा कीबोर्ड वेगळा असणार. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून इंग्रजी 'जे' ची कळ दाबली की थेट ऱ येतो, तर काही फोनेटिक टायपिंगमधून र, हलन्त आणि ते न दिसणारं अक्षर असं येतं. तुम्ही एफएसटॅबमध्ये नाव हाताने टाईप केलंत ना? मग तेच झालंय.

तपासायचं असेल तर 'ग्रंथालय काम' मध्ये जाऊन एलएस द्या आणि त्याचा निकाल पाइप करून ओडी मध्ये द्या, हेक्समध्ये बाइट दिसतील असा पर्याय लावून. स्वतंत्र ऱ असेल तर ई० ए४ बी१ असे तीन बाइट दिसतील. साधा र असेल तर शेवटचा बी० असेल, आणि थोडं पुढे ई२ ८० ८डी दिसलं तर ते न दिसणारं जोडअक्षर.

उपाय सोपा आहे, नाव टाईप करूच नका. एलएसने दाखवलेलं नाव माऊसने निवडून कॉपी करा आणि एफएसटॅबमध्ये चिकटवा, फक्त स्पेसच्या जागी \०४० करा.


माणदेशी_वाचक
ताई!!! बी० आणि पुढे ई२ ८० ८डी!! तंतोतंत. फोल्डर आमच्या आधीच्या टंकलेखकाने केलं होतं आणि मी इनस्क्रिप्टवर टाईप करते. कॉपी करून चिकटवलं आणि /पत्रे उघडलं. दोन दिवस मी त्या एका अक्षराकडे बघत होते.


वाईकर_बॅश
बाकीच्यांनी मूळ काम केलंय, मी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो, तो डबल क्लिकवाला.

विंडोजमध्ये फाइंड नावाचा स्वतःचा एक प्रोग्रॅम आहे, सिस्टीम३२ मध्ये, तो फाईलच्या आतला मजकूर शोधतो आणि त्याचे पर्याय सगळे वेगळे आहेत. सॉर्टचंही तसंच. तुम्ही सिगविनचं टर्मिनल उघडता तेव्हा ते लॉगिन शेल असतं, ते /ईटीसी/प्रोफाइल वाचतं आणि त्यात पाथच्या (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायची त्या यादीच्या) अगदी पुढे /यूएसआर/लोकल/बिन आणि /यूएसआर/बिन घातलेलं असतं, म्हणून फाइंड म्हटलं की सिगविनचा सापडतो. पण बॅच फाईलमधून तुम्ही नुसतं बॅश डॉट ईएक्सई आणि स्क्रिप्टचं नाव असं दिलं असणार. ते लॉगिन शेल नसतं, प्रोफाइल वाचलं जात नाही, पाथ विंडोजचाच राहतो आणि त्यात सिस्टीम३२ आधी येतं. मग विंडोजचा फाइंड बिचारा तुमचे डॅश नेम, डॅश टाईप असले पर्याय बघून गोंधळतो, आणि तुमची ती ओळ त्याचीच आहे, सिगविनची नाही.

टर्मिनलमध्ये टाईप डॅश ए फाइंड असं देऊन बघा, दोन्ही दिसतील, कुठला आधी ते कळेल.

बॅच फाईलमध्ये बॅशच्या पुढे डॅश एल लावा, म्हणजे लॉगिन शेल होईल आणि पाथ नीट लागेल. पण त्याची एक खोड आहे, लॉगिन झालं की तो तुम्हाला होम फोल्डरमध्ये नेऊन ठेवतो, म्हणजे स्क्रिप्टमध्ये 'आत्ता जिथे आहे तिथलं' असं काही गृहीत धरलं असेल तर ते चुकेल. बॅच फाईलमध्ये आधी सीएचईआरई_इनव्होकिंग हा व्हेरिएबल १ करून ठेवला तर तो जागचा हलत नाही. पण माझं मत विचाराल तर स्क्रिप्टच्या पहिल्या दोन ओळींतच पाथ स्वतः लिहा आणि तिसऱ्या ओळीत सीडी /पत्रे करा. स्क्रिप्टने स्वतःचा पाथ स्वतः ठरवावा, कुणी कुठून चालवली यावर अवलंबून राहू नये. आता /पत्रे कायमचं झालंय तर हे फार सोपं आहे, आणि उद्या डी ची जागा बदलली तर फक्त एफएसटॅबची एक ओळ बदलायची, स्क्रिप्टला हात नाही लावायचा. मला माउंटचा खरा फायदा हाच वाटतो, टायपिंग वाचतं तो वरचा.


निळा_पडदा
वाईकर, एक भर. पीसीवर गिट फॉर विंडोज असेल तर त्याचंही बॅश असतं आणि तेही पाथमध्ये असू शकतं. मग नुसतं बॅश लिहिलं की कुठला बॅश चालला ते कळत नाही. तो एमएसवायएस२ वर बेतलेला आहे, एमएसवायएस२ सिगविनमधूनच निघालंय पण त्याचा एफएसटॅब वेगळा, त्यात सी ड्राइव्ह /सी असा दिसतो आणि /पत्रे त्याला माहीतच नसतं. बॅच फाईलमध्ये सिगविनच्या बॅशचा पूर्ण पत्ता द्या, सी:\सिगविन६४\बिन पासून.


माणदेशी_वाचक
गिट नाहीये पीसीवर, पण पूर्ण पत्ता आणि डॅश एल दिला आणि डबल क्लिकने चाललं! पाथची ओळपण स्क्रिप्टमध्ये घातली.

दोन छोटे प्रश्न राहिलेत. एक, सहकाऱ्याच्या खात्यातून त्याला /पत्रे दिसेल का? दुसरं, /सिगड्राइव्ह हे नाव बदलता येतं का, पेन ड्राइव्हवरून काही घ्यायचं असलं की अजून ते लिहावं लागतं.


जुनाच_युनिक्स
दिसेल. /ईटीसी/एफएसटॅब पीसीवरच्या सगळ्यांना लागू होतो. एखादं माउंट फक्त तुमच्यापुरतं हवं असेल तर /ईटीसी/एफएसटॅब.डी या फोल्डरमध्ये तुमच्या विंडोजच्या युझरनेमच्याच नावाची फाईल करून त्यात ओळ लिहायची. तुम्हाला दोघांना हवंय तर मुख्य फाईलमध्येच राहू द्या.

सिगड्राइव्हचं नाव बदलता येतं, त्याच पहिल्या ओळीत दुसऱ्या रकान्यात /सिगड्राइव्हच्या जागी /एमएनटी लिहा. मी तेच सुचवतो, कारण डब्ल्यूएसएलमध्येही ड्राइव्ह /एमएनटी/सी असेच असतात, उद्या तुमचा तो बायोसचा पासवर्ड मिळाला आणि तिकडे गेलात तर स्क्रिप्टमधले पत्ते तसेच चालतील. काही लोक तिथे नुसता स्लॅश लिहितात म्हणजे /सी, /डी असं छोटं होतं, तेही चालतं, मला मात्र मुळाशीच ड्राइव्हांची अक्षरं विखुरलेली आवडत नाहीत.

पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क एफएसटॅबमध्ये घालणार असाल तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला एखादं लांबचं अक्षर ठरवून द्या, क्यू वगैरे. नाहीतर आज ई उद्या एफ, आणि माउंट भलत्याच डिस्ककडे बोट दाखवेल. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये हे झालं तर ते फार महागात पडतं.

अजून एक उपयोगी गोष्ट. सिगविनमधला पत्ता विंडोजच्या प्रोग्रॅमला द्यायचा असेल तर तो त्याला कळत नाही, वर्डला /पत्रे म्हणजे काय ते माहीत नाही. त्यासाठी सिगपाथ आहे. सिगपाथ डॅश डब्ल्यू आणि पुढे पत्ता दिला की विंडोजचा पत्ता मिळतो, डॅश यू दिला की उलटं. सहकाऱ्याला एखादी फाईल दाखवायची असली की सिगस्टार्ट आणि फाईलचं नाव, ती डबल क्लिक केल्यासारखी उघडते, तिथे पत्ता बदलायचीही गरज नाही.


कृष्णाकाठ_टंकन
माझ्या मनात कालपासून एक गोष्ट घोळतेय ती सांगते. ताई, फोल्डरच्या नावात जर दोन प्रकारचे ऱ निघाले तर पत्रांच्या आतही असणारच. टाईप करणारे एकापेक्षा जास्त होते ना? मग तुम्ही ग्रेपने 'शेतकऱ्य' शोधता तेव्हा ज्या पद्धतीने तुम्ही टाईप केलं तेवढीच पत्रं सापडतात, बाकीची राहतात, आणि चूक झाली असं कुठेही दिसत नाही. फक्त आकडा कमी येतो. वऱ्हाड, ऱ्हास, दऱ्या, पायऱ्या, वाऱ्याने, बिचाऱ्या, पंढरीच्या वाऱ्या, सगळं.

मोजून बघा. आधी स्वतंत्र ऱ ने ग्रेप करा, डॅश आर आणि डॅश एल लावून म्हणजे नुसती फायलींची नावं येतील, ती डब्ल्यूसीने मोजा. मग र, हलन्त आणि ते न दिसणारं अक्षर घेऊन तसंच. ते अक्षर टाईप करायला जमत नसेल तर बॅशमध्ये डॉलर आणि लगेच एकेरी अवतरणात बॅकस्लॅश यू २००डी असं लिहिलं की ते तयार होतं.


माणदेशी_वाचक
मोजलं.

स्वतंत्र ऱ असलेल्या ३,१४२ फायली. दुसऱ्या प्रकारच्या २,६८७. काहींमध्ये दोन्ही आहेत. म्हणजे गेले दोन महिने मी 'शेतकऱ्य' शोधून जी यादी केली, गावं लावली, त्यात जवळजवळ निम्मी पत्रं आलीच नव्हती. मला वाटत होतं की माण आणि खटावकडची पत्रं कमी आहेत, आणि तसं मी टिपणातही लिहून ठेवलंय. त्या भागातली पत्रं ज्यांनी टाईप केली त्यांचा कीबोर्ड वेगळा होता, एवढंच कारण.

ताई, तुम्ही हे सांगितलं नसतं तर ते टिपण छापून गेलं असतं. आता सगळ्या फायलींत एकच ऱ कसा करू?


कृष्णाकाठ_टंकन
आधी बॅकअप. पूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर, आणि तो बॅकअप उघडून एक-दोन पत्रं वाचून बघा. मग सेड. शोधायचं ते र, हलन्त, आणि तो बॅकस्लॅश यू २००डी, त्याच्या जागी स्वतंत्र ऱ आणि हलन्त. नुक्तावालं असेल तर त्याचीही एक ओळ. सेडला डॅश आय डॉट बॅक असं द्या म्हणजे प्रत्येक फाईलची जुनी प्रत बाजूला राहील. फायली निवडायला फाइंड वापरा आणि त्याला डॅश प्रिंट० लावून एक्सआर्ग्ज डॅश ० कडे पाठवा, म्हणजे नावांत स्पेस असली तरी अडणार नाही.

आधी वीस फायलींच्या एका वेगळ्या फोल्डरवर चालवा. डिफ लावून बघा की फक्त तेवढंच बदललंय ना. ते न दिसणारं अक्षर बाकी ठिकाणीही लोक वापरतात, 'क्‍ष' सुटं दाखवायला वगैरे, त्याला हात लागता कामा नये, म्हणून नुसतं ते अक्षर काढून टाकू नका, आधी र आणि हलन्त असेल तिथेच बदला.

फोल्डरचं नावही बदलून टाका, इंग्रजी अक्षरांत आणि स्पेसशिवाय, आणि एफएसटॅबची ओळ त्याप्रमाणे करा. सहकाऱ्याला आधी सांगून.


वाईकर_बॅश
फोल्डरचं नाव बदलायला माझाही पाठिंबा. तुमच्या सगळ्या स्क्रिप्टमध्ये आता /पत्रे आहे, त्यामुळे नाव बदललं तरी एकाच ओळीत काम होईल.


माणदेशी_वाचक
झालं. परवा वीस फायलींवर, काल सगळ्यांवर. फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत 'पत्रे', डी वर थेट, आणि एफएसटॅबमध्ये \०४० ची गरजच उरली नाही. सकाळी पीसी बंद करून परत चालू केला, /पत्रे जागच्या जागी. सहकाऱ्याच्या खात्यातूनही बघितलं.

मग 'शेतकऱ्य' परत शोधलं आणि यादी नव्याने लावायला बसले. माण तालुक्यातून आलेलं एक पत्र आधीच्या यादीत नव्हतं, चारा छावणी कधी सुरू होणार असं विचारणारं, सही नाही, नुसतं 'एक शेतकरी' आणि खाली गावाचं नाव. ते आमच्या शेजारचं गाव आहे. टिपणातलं ते वाक्य खोडलं.